मिसेस एलविनचा बोका

ऑक्टोबर संपत आला की पद्माकर एखादा रविवार मुक्रर करायचा आणि ब्रेकफास्टच्या टेबलावर जाहीर करायचा, "या संडेला गार्डन विंटरसाठी तयार करायचं." ते ऐकल्यापासूनच मधुमतीला शिसारी यायला लागायची. लंडनजवळच्या पिनरमधल्या त्या घरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मुलगी अलका शिकून मँचेस्टरला नोकरीलाही लागली होती. पण या कामाची किळस काही मधुमतीच्या अंगातून गेली नव्हती.

उन्हाळाभर पॅटिओच्या फरशीवर ठेवलेली कुंडी उचलावी, तर खाली बिनशंखाच्या गोगलगाई एकमेकींना चिकटून लिबलिबत असायच्या. पानं भिजून, कुजून फरशीवर अशी घट्ट बसायची की झाडूने निघतच नसत, खरवडावी लागत. बार्बेक्यूच्या जाळीवर ऑगस्टमधली चरबी हिरवट बुरशी धरून बसलेली असायची. रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवले तरी तो ओलेपणा आपल्या कातडीला लागतोय असं तिला वाटायचं. घरात आल्यावर ती दोनदा आंघोळ करायची आणि पद्माकर हसायचा.

"डॉक्टरची बायको ना तू? आम्ही काय काय बघतो रोज."

पद्माकर भूल देणारा डॉक्टर होता. त्याचा हात हलका आणि बोलणं त्याहून हलकं. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या म्हाताऱ्यांशी तो त्यांच्या नातवंडांबद्दल बोलत राहायचा आणि ते म्हातारे बोलता बोलताच झोपून जायचे. हॉस्पिटलात काय किंवा मराठी मंडळात काय, त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढत नसे. बागेचं मात्र त्याला वेड होतं. फुलझाडांचे वाफे त्याला ऑपरेशन थिएटरसारखे स्वच्छ लागत आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली त्याला खपत नसे.

ढवळाढवळ करायचा तो शेजारच्या मिसेस एलविनचा हर्बर्ट. हर्बर्ट म्हणजे लठ्ठ, नारिंगी-पांढरा, म्हातारा बोका. कुंपणावरून धप्पकन उडी मारून तो नेमका पद्माकरने कंद लावलेल्या मऊ मातीत यायचा, उकरायचा, आपला कार्यभाग उरकायचा आणि शेपूट ताठ करून परत जायचा. पद्माकर हातमोजे घालून ते उचलायचा. तोंडाने कधी काही बोलला नाही. उलट कुंपणापाशी मिसेस एलविन दिसल्या की "आज हर्बर्टने आमच्याकडे व्हिजिट दिली" असं म्हणून त्यांना हसवायचा. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच असायच्या आणि दिवसभर बोलायच्या त्या हर्बर्टशीच.

त्र्याण्णव सालच्या त्या ऑक्टोबरात हर्बर्ट नाहीसा झाला.

मिसेस एलविन दारोदार विचारत फिरल्या. पद्माकरने हर्बर्टचा फोटो हॉस्पिटलात नेऊन त्याच्या प्रती काढून आणल्या आणि स्वतः त्यांच्याबरोबर जाऊन रस्त्यातल्या खांबांवर लावल्या. ड्यूटीवरून आल्यावर त्यांना गाडीत बसवून स्टेशनपर्यंतच्या सगळ्या गल्ल्यांतून फिरवून आणलं. खिडकीची काच खाली करून मिसेस एलविन कापऱ्या आवाजात हाका मारायच्या, आणि गाडी अगदी हळू चालवत पद्माकरही मारायचा, "हर्बर्ट! हर्बर्ट!" परतल्यावर दारात त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "मांजरं येतात हो परत, डोरोथी. आशा सोडायची नाही."

मधुमतीने हे खिडकीतून पाहिलं होतं. तिला भरून आलं. परक्या बाईसाठी कोण एवढं करतं? त्या दिवशी तिने मुद्दाम पद्माकरच्या आवडीचा केळं घातलेला शिरा केला आणि त्याने तो मागून मागून खाल्ला.

बागेचा रविवार आला तोवर हर्बर्टला जाऊन तीनेक आठवडे झाले होते. सकाळपासून पाऊस नव्हता, पण हवा ओल्या फडक्यासारखी होती. दोघांनी जिरेनियमच्या कुंड्या काचेच्या पोर्चमध्ये आणल्या, डेलियाचे कंद उपटून सुकत घातले, गोठू नये म्हणून बाहेरच्या नळाला चिंध्या गुंडाळल्या. पॅटिओवरच्या टेबलावर घालायचं कव्हर फाटलेलं निघालं, म्हणून पद्माकर नवीन आणायला गार्डन सेंटरला निघाला.

"तोवर फरशी खरवडून ठेव," तो गाडीची किल्ली घेत म्हणाला. "पानांचा ढीग इथेच कर. शेडमागच्या ढिगावर नेऊ नकोस. तो मी जाळणार आहे नंतर."

मधुमतीने फरशी खरवडली. ढीग गुडघ्याएवढा झाला. त्यातून गांडुळं बाहेर येऊन पुन्हा फरशीवर पसरायला लागली, तेव्हा तिच्याने राहवेना. ही घाण डोळ्यांसमोरून कधी एकदा जाते असं तिला झालं. तिने पानं ढकलगाडीत भरली आणि शेडमागे नेली. तिथला ढीग एका बाजूने ढासळलेला होता. तो वर लोटायला तिने दातेरी फावडं खुपसलं, तर ते मऊसर कशात तरी रुतलं. ओढलं तशी पिवळी प्लास्टिकची पिशवी फाटत वर आली आणि वास सुटला.

तो वास कुजक्या पानांचा नव्हता. तिने नाकावर कोपर दाबलं. पिशवीच्या फटीतून नारिंगी केस दिसले, मग पंजा, मग घंटी लावलेला निळा पट्टा. पट्ट्याखाली सगळं वळवळत होतं.

ती नळापाशी धावली आणि भडभडून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. चिंध्या सोडून तिने तोंडावर पाण्याचे सपकारे मारले आणि मग तिच्या लक्षात आलं. पिवळी पिशवी. हॉस्पिटलातल्या कचऱ्याच्या असल्या पिशव्या पद्माकर बागेसाठी म्हणून घरी आणायचा. त्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या असायच्या.

पद्माकर आला तेव्हा ती किचनच्या पायरीवर बसली होती. त्याने ढकलगाडी कुठे आहे ते पाहिलं आणि नवीन कव्हर हळूच टेबलावर ठेवलं.

"नको म्हटलं होतं ना मी तुला?"

"तुम्ही मारलंत त्याला?"

"आत चल. बाहेर नको."

"तुम्ही मारलंत?"

"तो सगळे वाफे नासवत होता, मधू. किती वर्षं सहन केलं मी. सार्डिन माशातून भुलीचं औषध दिलं थोडं." मग पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना लावायचा तो आवाज लावून म्हणाला, "फार त्रास झाला नसणार. डोस पुरेसा होता."

बोका मारला, हे ऐकायला मधुमतीने मनाची तयारी केली होती. या आवाजाची केली नव्हती.

"आणि हाका मारत फिरलात? तिला शेजारी बसवून?"

"मग काय करणार होतो? संशय आला असता. शिवाय बिचारीला तेवढंच बरं वाटलं."

मधुमतीला तो शिरा आठवला, पद्माकरची बोटं चाटण्याची सवय आठवली. त्याने खिशातून काडेपेटी काढली होती.

"काड्या ठेवा आत," ती म्हणाली. "मी त्याला तिच्याकडे नेणार आहे."

"वेडी आहेस का? पोलीस केस होईल. माझं रजिस्ट्रेशन जाईल. इथे आपण बाहेरचे, लक्षात ठेव. उद्या म्हणतील, हे इंडियन डॉक्टर बघा कसे असतात. सगळ्यांच्या तोंडाला काळं फासशील तू."

"सगळ्यांनी नाही मारला बोका," मधुमती म्हणाली.

तिने शेडमधून एक खोकं आणलं आणि त्यात जुनी चादर अंथरली. जी बाई गोगलगाय दिसली तर किंचाळायची, तिने श्वास रोखून दोन्ही हातांनी ते सगळं उचललं, चादरीत गुंडाळलं आणि वर आणखी एक टॉवेल घातला. पद्माकर लांब उभा राहून बघत होता. मदतीला आला नाही आणि आडवाही आला नाही.

मिसेस एलविननी दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "कुठे होता?" एवढंच विचारलं.

मधुमतीने सगळं सांगितलं. कुठे होता, कसा मेला, कुणी मारला. इंग्रजीत बोलताना ती एरवी अडखळायची, आज अडखळली नाही. मिसेस एलविन भिंतीला हात लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा हात धरला होता त्याने." मग कोट चढवत म्हणाल्या, "त्याला सांगा, फावडं घेऊन ये. खड्डा तो खणेल."

मधुमती कुंपणापाशी आली. "बोका दिला तिला. फावडं घेऊन बोलावलंय तुम्हाला."

बाकीचं काय बोलणं झालं ते पद्माकरने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्याने हात धुतले, केस सारखे केले आणि गेला.

मिसेस एलविनच्या बागेत पेअरच्या झाडाखाली त्याने नीट चौकोनी खड्डा खणला. मिसेस एलविन कोटाच्या खिशात हात घालून बघत होत्या. मधुमती जरा मागे उभी होती. खणून झाल्यावर पद्माकरने टोपी काढली, छातीशी धरली आणि हळव्या आवाजात म्हणाला, "आय ॲम सो सॉरी, डोरोथी. बिचारा हर्बर्ट. कोल्ह्याचं काम असणार. शेवटी तरी घरी आला म्हणायचा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरोखरीचं पाणी. मधुमतीला ते पाहवेना, पण मान फिरवताही येईना. सकाळपासून जे जे चिकट, कुजकं तिने हाताळलं होतं, त्यातल्या कशानेही तिच्या अंगावर असा काटा आला नव्हता.

मिसेस एलविननी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या बायकोने मला सगळं सांगितलंय, डॉक्टर. आता माती लोटा."

पद्माकरचा चेहरा एकदम उतरला. त्याने एकदा मधुमतीकडे पाहिलं, टोपी घातली आणि माती लोटली. मिसेस एलविन आत गेल्या आणि दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी पद्माकरने दोन कप चहा केला आणि एक तिच्यापुढे ठेवला. "झालं ते झालं," तो म्हणाला. "एका मांजरासाठी किती ताणायचं?" मधुमतीने कपाच्या कानाभोवतीची त्याची स्वच्छ, कापलेली नखं पाहिली. तिला तो चहा पिता आला नाही. ती उठून अलकाच्या खोलीत झोपायला गेली आणि नंतरही तिथेच झोपत राहिली.

मिसेस एलविननी पोलिसांत काही कळवलं नाही. पण मधुमतीशीही त्या पुन्हा पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. नाताळानंतर घर विकून त्या मेडनहेडला बहिणीकडे गेल्या. कुंपणापाशी येऊन निरोप घेणं झालं नाही. मधुमतीला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं कधी वाटलं नाही.

मंडळात कुजबूज सुरू झाली ती फेब्रुवारीत. मांजरावरून म्हणे नवऱ्याला सोडतेय. मैत्रीण नंदा सरळ विचारायला आली. "एवढा सोन्यासारखा माणूस गं! आमच्या आईंना भूल देताना किती प्रेमाने बोलत होता."

"हो," मधुमती म्हणाली, "तसाच बोलतो तो."

मार्चमध्ये ती ईलिंगला एक फ्लॅट बघायला गेली. वरच्या मजल्यावरच्या दोन छोट्या खोल्या, किचनची खिडकी बसस्टॉपकडे. दाखवायला आलेला तरुण एजंट सगळं सांगून झाल्यावर जरा ओशाळला. या फ्लॅटला गार्डन नाही, साधा पॅटिओसुद्धा नाही, तुमच्या वयाच्या लेडीजना सहसा ते लागतं, असं म्हणाला.

"राहायला कधी येता येईल?" मधुमतीने विचारलं.