मीटरला हळदकुंकू

नरडाण्याहून शिंदखेड्याकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात मी पोहोचले, तेव्हा मारुतीच्या पारासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. ऑगस्टची ढगाळ दुपार होती. लोक विजेची बिलं हातात उंच धरून नाचत होते. बिल आलं की लोक कपाळाला हात लावतात, शिव्या देतात, वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांडतात. नाचतात, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते.

"मे महिन्यात चारशे युनिट! आता दीडशे!" एक जण ओरडला.

"बोला, कार्बनहरण महाराज की..."

"जय!"

वाटेतल्या प्रत्येक घराच्या मीटरला हळदकुंकू लावलेलं होतं. मीटरशेजारी साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी होती आणि तिच्यावर हिरवा दिवा जळत होता. एका ओट्यावर तर कोणी मीटरला उदबत्ती ओवाळत होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी नुसती थकून गेले.

माझं काम काय, ते सांगते. घरं, शाळा, दवाखाने यांत वीज कमी लागावी, म्हणजे कोळसा कमी जळेल आणि हवेत धूर कमी जाईल, यासाठी हल्ली बऱ्याच योजना निघतात. त्या योजना खरंच काही वाचवतात का, हे मोजून सांगायचं. पुण्याच्या एका संस्थेनं मला इथं त्यासाठीच पाठवलं होतं. संस्था गावाला एका कामासाठी मदत देणार होती आणि ते काम कोणतं, हे ग्रामसभा त्याच दिवशी ठरवणार होती. सरपंच अभिमन आबांना उरलेल्या घरांत पेट्या हव्या होत्या. अंगणवाडीच्या सुलक्षणाताईंना पांढरं छत हवं होतं.

सुलक्षणाताई मला गर्दीच्या कडेला भेटल्या. चाळिशीची बाई, आवाज अगदी हळू.

"मॅडम, अंगणवाडीवर पत्रे आहेत. एप्रिलमध्ये आत बसवत नाही. मागच्या उन्हाळ्यात झुलालभाऊंची मुलगी भूमिका माझ्यासमोर बेशुद्ध पडली. चार वर्षांची पोर. शिंदखेड्याला नेईपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. पत्र्याला वरून पांढरा थर द्या, आतून अस्तर लावा, एवढंच मागतेय. पण आता सगळे म्हणतात, अंगणवाडीलाही पेटीच लावू."

"पेटीनं गारवा येतो?"

"महाराज म्हणतात, येतो."

महाराज पारावर बसले होते. भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात मोबाइल. मूळचे रतिलाल, पारोळ्याकडचे. पूर्वी पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचे, असं मला नंतर कळलं. आवाज मात्र देवानं भरभरून दिलेला होता.

"कार्बन म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "कार्बन म्हणजे काळं! काळं म्हणजे पाप! तुमच्या तारेतून विजेबरोबर पाप वाहतं. ते मीटरमध्ये साचतं, म्हणून मीटर पळतं. आमचं यंत्र ते पाप वरच्या वर शोषतं. शास्त्रज्ञ परिषदा भरवतात, विमानानं फिरतात आणि आणखी कार्बन सोडतात. आम्ही एका पेटीत काम केलं!"

टाळ्या पडल्या. खरं सांगते, विमानाचं वाक्य मलाही आवडलं.

आबांनी मला पारावर बोलावलं. "या ताई, पुण्यासले सांगा, आमनं गाव बिनाकार्बननं व्हयनं! फोटू काढा."

"आबा, आधी दोन गोष्टी विचारू का?"

"इचारा ना. बिलं शेतस ना समोर."

मी गर्दीकडे वळून विचारलं, "पेटी न बसवलेलं कोणी आहे का इथं?"

मागून एक वाकलेले गृहस्थ हात वर करून उभे राहिले. तोतारामनाना. महाराजांशी पहिल्याच दिवशी त्यांचं वाजलं होतं, म्हणून ते पेटीवाचून राहिले होते.

"मी पेटी बसाडी नही," नाना म्हणाले. "मनं बी बिल कमीच उनं."

गर्दीत चुळबुळ झाली. महाराजांनी चष्मा सारखा केला.

"शेजाऱ्यांच्या यंत्रांचा प्रभाव! चंदनाच्या झाडाजवळ बाभळही सुगंधी होते."

"आणि पलीकडच्या गावात एकही पेटी नाही, तिथलीही बिलं उतरली आहेत. येताना चार घरी विचारून आले."

"वारा तिकडेच वाहतो," महाराज शांतपणे म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

अशा वेळी मला घरी जाऊन झोपावंसं वाटतं. ज्याचं बिल उतरलं तो यंत्राचा पुरावा, आणि यंत्र नसताना ज्याचं उतरलं तोही यंत्राचाच पुरावा! या माणसाला हरवायचं कुठून? आणि हे फक्त पारावर चालतं असं समजू नका. थंडगार सभागृहांत, कोट घातलेल्या लोकांपुढे, मी हीच आरती पाहिली आहे. पडद्यावर डावीकडे मे महिना, उजवीकडे ऑगस्ट, मध्ये हिरवा बाण आणि खाली लिहिलेलं असतं, 'आमच्या योजनेचं यश'. तिथं कफनी नसते, एवढाच फरक. मी हात वर करून, मध्ये पाऊस पडून गेला त्याचं काय, असं विचारलं की चहाची सुट्टी होते.

पाराच्या पायरीशी एक म्हातारी बसली होती. सगळ्यात मोठा आकडा तिचाच उतरला होता, म्हणून महाराजांनी तिला पुढे बसवलं होतं. वच्छलाबाई तिचं नाव. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, पेटी कव्हय बसाडी?"

"आखाजी सरनी, पोरी सासरले गयात, मंग. महाराजनी सांगेल व्हतं ना, माहेरवाशिणी घरमा ऱ्हायन्यात ते पेटी बसाडानी नही. त्यासना पायवरी शक्ती वाटाय जास."

मी आबांकडे पाहिलं. "लेकी घरात असताना पेटी नाही, हा नियम सगळ्यांनाच होता?"

"बठ्ठासले," आबा अभिमानानं म्हणाले. "पोरी जावापावत पेटीले हात लावाना नही. शुद्धतानं काम शे, ताई."

मी खानदेशातलीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. सासरी गेलेल्या लेकी, आमच्या बोलीत आंडेरी, माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, आमरस होतो. मुलांना सुट्ट्या असतात, त्यामुळे पोरीबाळी जूनपर्यंत मुक्काम ठोकतात. मला रतिलालची करामत तेव्हा कळली, आणि रागाबरोबर थोडं कौतुकही वाटलं. आपल्या लोकांची नस त्यानं बरोबर पकडली होती.

"मावशी, आखाजीले घरमा कितला जण व्हतात?"

"माय वं! चार आंडेरी उन्थ्यात, त्यासना पोरंसोरं येगळा. दोन कूलर रातदिन चालेत. पोरं फ्रीज उघाडेत आन् झाकेत. पानीनी मोटर ते बंदच नही व्हये."

"आन् आते?"

"आते मी आन् हाऊ म्हतारा." ती सहज बोलून गेली. मग थांबली. तिनं हातातल्या बिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कूलर ते आम्ही पानी पडनं तव्हयच बंद कया."

बायकांमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. दुसरी म्हणाली, "मना घर बी तसंच व्हयनं, वं." हसणं मागच्या रांगेपर्यंत गेलं. पुरुष मात्र अजून बिलंच उलटीपालटी करून बघत होते. आखाजीचा पाहुणचार कोण करतं आणि पाण्याची मोटर कोण लावतं, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"यंत्राची परीक्षा घेणं पाप आहे!" महाराज उठून उभे राहिले. "सात पिढ्या अंधारात जातील!"

वच्छलाबाईही गुडघ्यावर हात ठेवून उठली. "पेटी मनी शे. मी उघाडसू. पाप लागी ते माले लागी."

तिचं घर पारासमोरच होतं. सगळं गाव तिच्या ओट्यापुढे जमलं. मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत असतो. वीज जास्त गेली की तो भराभर लुकलुकतो, कमी गेली की सावकाश. मी मोबाइलवर वेळ लावली आणि लोकांना मोठ्यानं मोजायला सांगितलं. अडगळीतला कूलर काढून चालू केला. पेटी जागेवर ठेवून मोजलं, मग पेटी काढून तेवढाच वेळ मोजलं. आकडा तोच आला. काही तरुणांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तोच.

"आता कूलर बंद करा," मी म्हटलं.

कूलर थांबला आणि लाल दिवा एकदम आळसावला. लोक पुढच्या लुकलुकीची वाट बघत उभे राहिले. कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

मग वच्छलाबाईनं बंद पडलेली पेटी माझ्यापुढे धरली. मी तिचे स्क्रू काढले. आत वजनासाठी भरलेली वाळू, पंख्यात असतो तसला एक कंडेन्सर आणि तो हिरवा दिवा.

"मंग हाऊ दिवा कशावर जळे?" तोतारामनानांनी विचारलं.

"तुमच्या विजेवर, नाना. पाप शोषणारी पेटी स्वतःच थोडी वीज खात होती."

रतिलालनं "तुमची श्रद्धा कमी पडली" असं काहीतरी म्हटलं आणि गाडीकडे चालू लागला. पोलिसांना कळवायचं आबांनी कबूल केलं. मान खाली होती. ग्रामसभेत अंगणवाडीचं छत मंजूर झालं. काही हात मात्र वर झालेच नाहीत, आणि जाताना मी पाहिलं, दोन घरांच्या मीटरवर हळदकुंकू तसंच होतं.

पुण्याहून फोन आला. "मॅडम, वीज निम्म्यावर आली असं अहवालात येईल ना? आम्ही देणगीदारांना सांगून बसलोय." मी नाही म्हटलं.

पुढच्या आखाजीला मी पुन्हा गेले. अंगणवाडीचं छत पांढरं झालं होतं, आतून अस्तर लागलं होतं. शेजारची पत्र्याचीच कोठीची खोली मी तुलनेसाठी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली होती. वच्छलाबाई दारातच भेटली. "मॅडम, आंडेरी उन्यात. बिल परत चढी!" आणि पोट धरून हसली. पण अंगणवाडीच्या पांढऱ्या भिंतीवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, आणि ती तिचीच होती.

"मावशी, हे काय?"

"गुण उना ना, बाई."

मी तिचा हात धरून तिला कोठीच्या खोलीत नेलं. दार उघडताच भट्टीसारखा झोत तोंडावर आला. तिथून तिला अंगणवाडीत आणलं. ती क्षणभर उभी राहिली, भिंतीला तळवा लावला, वर छताकडे पाहिलं. मग पदराच्या टोकानं तिनं हळदकुंकू पुसून टाकलं.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गावात, ऑफिसात, सभागृहात कोणी कसलीही पेटी आणली, मंत्र म्हणून किंवा हिरवा बाण दाखवून, तरी नमस्कार करण्याआधी एक प्रश्न विचारा. ज्याच्याकडे पेटी नाही, त्याच्या घरी काय झालं? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका. हा प्रश्न विचारून मी थकले आहे, म्हणून तो आता तुमच्याकडे देते आहे.

त्या दुपारी अंगणवाडीत सतरंजीवर पोरं झोपली होती. भूमिका भिंतीला चिकटून, तोंड उघडं टाकून घोरत होती. सुलक्षणाताई दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावून बघत होत्या, आणि दर वेळी कपाळ गार लागत होतं.