शेजारधर्म

नवं औषध देऊनही बिराप्पाच्या शेडात कोंबड्या मरतच होत्या. जनावरांची डॉक्टर आम्रपाली तपासणीचा अहवाल घेऊन भर उन्हात कुंडलला आली. जंतूंना आता औषध पचतंय, हे दारोदार सांगून तिची जीभ झिजली होती.

"हे औषध आमी ह्याआदी कवाच वापरलं न्हाई मॅडम. मग जंतूंना ते पचलं कसं?" बिराप्पानं विचारलं.

"शेजारणीकडनं विरजण आणता ना काका, तसंच. औषध पचवायची युक्ती ज्या जंतूकडं असते, तो तिचा बारकासा कण शेजारच्या जंतूला देतो. प्लास्मिड म्हणतात त्याला. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, आणि घेणाऱ्याची जातही तो बघत नाही. खतातनं हेच जंतू दुसऱ्या शेडात जातात, म्हणून तर शेडातलं खत कुणाला देऊ नका म्हटलं होतं."

बिराप्पानं मान डोलावली. आम्रपाली घाम पुसत बाहेर आली, तर पलीकडचा पोल्ट्रीवाला जालिंदर त्याच खताची पोती टेम्पोत चढवत होता.

"काका, मी काय भिंतीशी बोलत होते?" ती कडाडली.

बिराप्पा ओशाळला. "शेजारी दारात आला मॅडम. विरजणाला कोण न्हाई म्हणतंय व्हय?"