बारा किलोची बाधा

"बाबाच्या रसाने जंत पडले तर माझी अर्धी मिशी तुझी," मी न्हाव्याला म्हणालो. "नाही पडले तर तू टक्कल करायचं. भर चौकात!"

"लागली!"

चौकात ही गर्दी! हिरव्या रसाचा बाबा एकेक शेळी कवेत उचलायचा, डोळे मिटायचा आणि गर्जायचा, "बारा किलोची बाधा! दोन पळ्या!" पुढची उचलून, "चोवीस किलोची! चार पळ्या!" लोकांच्या अंगावर काटा.

शेजारच्या वहिनींच्या पाचांतल्या दोन शेळ्या जंतांनी गेल्या होत्या. उरलेल्या तिघींचं रक्त जंतांनी इतकं शोषलेलं, की पापण्या आतून पांढऱ्याफटक. "भाऊजी, दुकानातलं औषध पाजून थकले. आता औषध बंद, बाबाच खरा."

बाबाचा रस पाजल्यावर दहा दिवसांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिघींच्या लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी जवळजवळ गायब! न्हावी माझ्या मिशीकडे बघून वस्तऱ्याला धार लावायला लागला.

पण मला एक गोष्ट खुपत होती. थोराड शेळीला थोराड बाधा, करडाला चिमुकली. उलट एकदाही नाही. बाबा पुन्हा आला तेव्हा मी वहिनींच्या बारा किलोवालीवर झूल घातली आणि खाली दगडांच्या दोन पिशव्या बांधल्या.

बाबाने उचललं. तोंड लालबुंद. "अरेरे! बाधा दुप्पट! चार पळ्या!"

मी त्याची पळी अडवली आणि झूल ओढली; दगडांच्या पिशव्या उघड्या पडल्या. "महाराज, ही बाधा माझ्या अंगणातली आहे."

हशा पिकला. गर्दीतल्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बाबाची झोळी उलटी केली. आत जंतांच्या औषधाच्या बाटल्या, तेही वहिनी पाजायच्या त्याहून वेगळंच औषध.

"हा वजन जोखून रसातून नेमकं औषध पाजत होता," बाई म्हणाल्या. " वहिनी, तुम्ही किती पाजायचात?"

"एक बाटली पाचजणींत. अंदाजाने. सगळेच तसंच करतात."

"वर्षानुवर्षं एकच औषध, तेही कमी. त्यातून वाचलेल्या जंतांची पिलावळ त्याला दाद देईना झाली."

"मग पाल्याचा रस थोतांड?" वहिनींनी विचारलं.

"तेही तपासूनच ठरवू. काहींना नुसतं औषध, काहींना जोडीला रस. मग अंडी मोजू."

"मग मी काय वाईट केलं?" बाबा पुटपुटला.

"औषध लपवलंस. उद्या तू नसतास, तर या बाई नुसता रस पाजत बसल्या असत्या आणि उरलेल्या तिघीही गेल्या असत्या."

"ते राहू दे," न्हावी म्हणाला. "जंत पडले ना? बस खुर्चीत!"

बसलो. अर्धी मिशी गेल्यावर उठून म्हणालो, "मंडळी, मी हरलो, कारण बाईंनी अंडी मोजली. तुम्हीही मोजून घ्या, वजन करून पाजा आणि रसात काय आहे ते विचारा. सांगत नसेल त्याच्या हातात शेळी देऊ नका."

वहिनी मात्र वजनकाटा आणायला केव्हाच दुकानाकडे निघाल्या होत्या.