शून्य चुका

आमच्या विभागप्रमुखांना मुलं मागून 'स्लाइडसाहेब' म्हणतात, आणि मुलं क्वचितच इतकं बरोबर बोलतात. तीस वर्षं कम्युनिकेशन शिकवून या गृहस्थाला सोल्डरिंगचा एक चटकाही बसलेला नाही. मी प्रयोगशाळा सहायक. माझ्या सहा टेबलांवर खरे ट्रान्समीटर, खरे रिसीव्हर, आणि त्यांची खरखरही खरी. साहेबांनी या सगळ्याची संगणकावर नक्कल बनवली आणि संचालकांना कळवलं, की यंत्रं भंगारात काढा, प्रयोग पडद्यावरच होतील. यंत्रं गेली की माझी बदली ग्रंथालयात, पुस्तकांवर शिक्के मारायला. मंगळवारी प्रात्यक्षिक आणि तिथंच निर्णय.

सोमवारी मी तो प्रोग्रॅम वाचला आणि मला हसू आवरेना. संदेशाचे शून्य-एक एकामागून एक लहरीवर चढवायचे, वाटेत खरखर मिसळायची, पलीकडे लहरीतून ते पुन्हा वेचून अक्षरं जुळवायची. साधा मामला. साहेबांनी वेचले होते खरे, पण शेवटच्या ओळीत छापले ते पाठवलेलेच, वेचलेले नव्हेत. मुलांचे पेपर न उघडता नमुना उत्तरांनाच शंभर मार्क द्यावेत, तसं. चुका शून्य येतील नाहीतर काय!

त्यांना सांगावं का? छे. गाढवापुढे गीता कोण वाचणार?

मंगळवारी संचालक आले. त्यांच्याकडेही अभियांत्रिकीची पदवी आहे, भिंतीवर. साहेबांनी 'प्रगती' हा शब्द पाठवला. पडद्यावर वर सुबक लहर उमटली, खाली 'प्रगती'.

मी मागून नम्रपणे म्हणालो, "साहेब, खरखर जरा वाढवून दाखवता?"

"का नाही!" त्यांनी दहापट केली. लहरीचं पार गवत झालं. खाली 'प्रगती'.

"अजून, साहेब."

शंभरपट. पडदा नुसता काळा. खाली 'प्रगती'.

"आता सिग्नलच शून्य करा ना."

साहेब जरा अडखळले, पण संचालकांसमोर नाही कसं म्हणणार? केला शून्य. आता काहीच पाठवलं जात नव्हतं, तरी पलीकडे 'प्रगती' पोचली.

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. आता तरी कुणाची ट्यूब पेटेल, असं वाटलं.

"सिग्नल नसतानाही? वा!" संचालक माझ्याकडे वळले. "तुमच्या यंत्रांवर जमतं का हो असं?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "आमच्याकडे असले चमत्कार होत नाहीत."

संचालकांनी समाधानानं मान हलवली आणि तिथंच सही केली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, मग ती शेवटची ओळ दाखवली का नाहीत?"

"ज्याला एवढं दिसत नाही, त्याला काय दाखवायचं?"

"त्यांनी तुम्हालाच विचारलं होतं ना? सरळ सांगायला जीभ झिजत होती? टोमणा मारून काय मिळवलंत?"

मी ताटावरून उठलो. लाज वाटत होती, आणि तिचं बरोबर आहे याचा रागही येत होता.

गुरुवारी टेम्पो आला. भंगारवाल्यानं पहिला रिसीव्हर उचलला आणि विचारलं, "हा चालतो का हो?"

"चालतो," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी कुणाला सरळ दिलेलं हे पहिलंच उत्तर.