अठ्ठावीस पट्टे

बसमध्ये अठ्ठावीस खुर्च्या होत्या, अठ्ठावीस पट्टे होते आणि मुलं सत्तावीस. अठ्ठाविसावी खुर्ची दाराजवळची, सायकालची. सगळं इतकं काटेकोर जुळलं होतं की मांजर चढलं असतं तरी त्याला जागा मिळाली नसती. सायकालला ते फार आवडायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत तिनं चौदा वर्षं तराजू आणि काचेची नळकांडी सांभाळली होती. या शरद ऋतूत जिल्ह्याकडून बस आली, तेव्हा मुलांना सांभाळून आणण्याचं काम तिनं आपणहून मागून घेतलं.

तीन वाड्या, अकरा किलोमीटर, मधे खिंडीचा उतार, मग नदीवरचा पूल आणि शाळा. पूर्वी मुलं घोड्यावरून यायची, नाहीतर बटाट्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. आता दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. शाळेच्या मुलांखेरीज कुणाला चढवायचं नाही. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही.

मुलं गुणी होती. ढकलाढकली नाही, आरडाओरड नाही, खिडकीतून कचरा नाही. खरी अडचण त्यांच्या गुणीपणाचीच होती.

कारण दर मंगळवारी आणि शुक्रवारी तेरेक-बुलाक वाडीच्या शेवटच्या थांब्यावर बेय्शेन अक्साकाल, म्हणजे वाडीतले मानाचे म्हातारे, उभे असायचे. पांढरी उंच टोपी, हातात काठी, खिशात कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्या. शाळेपलीकडच्या गल्लीत त्यांचा जुना दोस्त राहायचा. आठवड्यातून दोन दिवस दोघं नऊ-नऊ खळग्यांच्या पटावर गोट्यांचा डाव मांडून बसत आणि दुपारच्या बसनं ते परतत. अक्साकालांचा पाय पायरीवर पडला रे पडला की बसभर खट्‌-खट्‌-खट्‌ आवाज व्हायचा. सत्तावीस पट्टे सुटायचे आणि सत्तावीस मुलं ताठ उभी राहायची. वडीलधारं माणूस उभं असताना बसून राहणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग अक्साकाल सगळ्यांवर नजर फिरवून एखादी खुर्ची पसंत करायचे, तिथल्या मुलाच्या तळहातावर कुरुतची गोळी ठेवायचे आणि ऐसपैस बसायचे. बाकीची मुलं खाली बसायची, ते एक उभंच राहायचं.

सायकाल त्यांना अडवत नसे. बेय्शेन अक्साकाल तिचे सासरे होते. बावीस वर्षांत तिनं त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, त्यांच्याकडे पाठ केली नव्हती, त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. तिच्या नोंदवहीत ‘इतर प्रवासी’ असा एक रकाना होता, तिथं नाव लिहायचं असायचं. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, मग लिहायचं तरी कसं? तीन आठवडे तिनं त्या रकान्यात शून्य मांडलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी खिंडीच्या उतारावर वळणापलीकडून मेंढ्यांचा कळप रस्त्यात आला. ड्रायव्हर सपारबेकनं ब्रेक दाबला. बसलेली सव्वीस मुलं पट्ट्यात अडकून जागच्या जागी राहिली. उभी होती ती आठ वर्षांची बेगिमाय. ती तोंडात कुरुत धरून चार ओळी पुढे फेकली गेली आणि सायकालच्या गुडघ्यांवर येऊन आदळली. तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

“दात!” बेगिमाय म्हणाली आणि हात पसरून दाखवला. हलणारा दुधाचा दात तळहातावर होता. कुरुत तिनं गिळून टाकला होता.

“अरे वा!” अक्साकाल हसले. “आता हा पावात घालून कुत्र्याला खायला घाल. कुत्र्यासारखा भक्कम दात येईल बघ.”

सगळी बस हसली. सायकालला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात आकडे फिरत होते. ताशी चाळीसचा वेग, वीस किलोची पोर. आपले गुडघे मधे नसते तर पुढची काच. आणि ती गोळी घशात अडकली असती तर?

शाळेत मुख्याध्यापिका झामिरा एजेंनी, म्हणजे झामिराताईंनी, बेगिमायचं तोंड धुऊन दिलं, मग नोंदवही उघडली.

“सायकाल, इथं इतर प्रवासी शून्य आहेत.”

“हो.”

“मग सत्तावीस मुलांना सत्तावीस खुर्च्या पुरल्या असतील. ही उभी कशाला होती? हवा खायला?”

सायकालनं मान खाली घातली. सपारबेक दारात टोपी कुरवाळत उभा होता. लांबच्या नात्यानं तो तिचा दीर, म्हणून तिला झेंगे, म्हणजे वहिनी म्हणायचा, आणि दिराचा थट्टा करायचा हक्क कधी सोडायचा नाही.

“झेंगेला विचारून काय उपयोग, एजे? नाव घेतलं तर तिची जीभ झडेल. मी सांगतो. बेय्शेन अक्साकाल. दर मंगळवारी, दर शुक्रवारी.”

झामिरा एजेंनी स्वतःच्या हातानं सात ठिकाणी शून्य खोडून ते नाव लिहिलं.

“तुझ्या जागी मी असते तर मलाही जड गेलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण प्रयोगशाळेत तू कधी खोटा आकडा लिहिला होतास का?”

“नाही.”

“आता ऐक. परत एक जरी पोर उभं दिसलं, तर बस मी जिल्ह्याला परत करीन. मग येऊ देत पुन्हा बटाट्यांच्या ट्रकमधून. निदान तिथं बसायला पोती तरी असतात.”

संध्याकाळी गोठ्यात सायकालनं नवऱ्याला सगळं सांगितलं. “तुम्ही बोला ना अताकेंशी. त्यांचा मुलगा आहात.”

“मी?” नवऱ्यानं दुधाची बादली अशी उचलली, जणू घराला आग लागली होती. “मला पन्नासावं वर्ष लागलंय, पण त्यांच्यापुढे मी अजून पाचवीतच आहे. आणि बस तुझी आहे.”

“वा! गाय तुमची, घोडा तुमचा आणि बस तेवढी माझी!”

“शुक्रवारी त्यांना सर्दी होईल, बघ,” तो आशेनं म्हणाला.

शुक्रवारी अक्साकालांना सर्दी झाली नाही. त्या दिवशी सायकाल नेहमीसारखी बसनं निघाली, दोन वाड्यांची मुलं घेतली आणि वळसा घालून बस आपल्याच वाडीच्या थांब्याकडे आली. पांढरी टोपी दुरूनच दिसली.

“झेंगे,” सपारबेक आरशातून म्हणाला, “थांबू की तसाच पुढे जाऊ? तुझ्यासाठी आज मी आंधळा व्हायला तयार आहे.”

“थांब. तिथं चार मुलं उभी आहेत.”

दार उघडलं. चार मुलं चढली, बसली, पट्टे लागले. सायकाल पायरीवर उभी राहिली, दोन्ही हात दाराच्या दांड्यांवर. अक्साकालांनी काठी पायरीवर टेकवली. त्याच क्षणी तिच्या मागे खट्‌-खट्‌ सुरू झालं.

सायकाल वळली. सासऱ्यांकडे पूर्ण पाठ केली आणि ओरडली, “बसा! एकानंही उठायचं नाही!”

बस गारठली. काही मुलं उभी, बाकीची बसलेली. मग हळूहळू सगळी खाली बसली आणि पट्टे पुन्हा लागले. सायकालनं कानांनीच मोजलं, नऊ आवाज. मग ती परत वळली, मान लववली आणि हळू आवाजात म्हणाली, “अताके, बस भरली आहे.”

“भरली आहे तर मी उभा राहतो. माझे पाय काय गहाण पडलेत?”

“तुम्ही उभे राहिलात तर ही सत्तावीस उठतील. तुम्हीच तसं शिकवलंय त्यांना.”

अक्साकालांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “कुणाशी बोलते आहेस, कळतंय ना, पोरी?”

“कळतंय, अताके.”

तिनं मात्र हात दांड्यांवरून काढले नाहीत. मागून बेगिमायचा आवाज आला, “अक्साकाल, कुत्र्यानं पाव खाल्ला, पण दात थुंकला!” कुणीतरी तिला चिमटा काढला असावा, कारण “आई गं!” असंही ऐकू आलं.

अक्साकालांनी काठी पायरीवरून उचलली. ते वळले आणि घराच्या दिशेनं चालू लागले.

बस निघाली. सायकाल आपल्या खुर्चीवर बसली, पट्टा लावला, वहीत लिहिलं: मुलं सत्तावीस, पट्टे सत्तावीस, इतर प्रवासी शून्य. शून्य खरं होतं. पण त्याचा आनंद घ्यायला तिला सवड नव्हती. आज संध्याकाळी चहाचा वाडगा पुढे केला आणि त्यांनी तो घेतलाच नाही तर? वाडीत लोक म्हणतील, बेय्शेनच्या सुनेनं सासऱ्याला रस्त्यावर सोडलं. म्हणतील तर म्हणोत. उतारावर सपारबेकनं वेग पंचविसावर आणला. तिनं मागे पाहिलं. सव्वीस मुलं खिडकीबाहेर बघत होती आणि बेगिमाय जीभ दातांच्या फटीतून बाहेर काढत होती. सगळी बसलेली. सोमवारीही बसलेली असतील, मंगळवारीही. एवढ्यासाठी चहाचा एक वाडगा गार झाला तर होऊ दे.

पूल ओलांडून बस शाळेच्या फाटकाशी वळली, आणि सपारबेकनं शीळ घातली.

“झेंगे, बघ! म्हाताऱ्यानं मात दिली आपल्याला!”

फाटकाजवळ अक्साकाल घोड्यावर बसलेले होते. घोडा पोटापर्यंत ओला होता. घरी जाऊन त्यांनी खोगीर चढवलं होतं आणि नदीच्या उथळ पात्रातून सरळ आले होते. बस अजून चालतच होती. मुलांना ते दिसले, आणि इतके दिवस अंगात मुरलेली सवय जागी झाली. दोन-तीन हात पट्ट्यांकडे गेले. सायकालनं तोंड उघडलं, पण तिला बोलावं लागलं नाही. अक्साकालांनी घोड्यावरूनच तळहात उपडा करून खाली दाबला. बसा. मुलं बसली. बस थांबली, दार उघडलं, तेव्हा कुठं त्यांनी हात वर केला आणि मुलं उठली.

मुलं एकेक करून उतरली, त्यांना सलाम करत वर्गांकडे पळाली. शेवटी सायकाल उतरली आणि मान खाली घालून उभी राहिली.

“काय गं,” अक्साकाल म्हणाले, “ही तुमची बस चालते की गाभण गायीसारखी डुलते? मी कधीचा आलोय.”

“थांबे घ्यावे लागतात, अताके.”

“हं. आणि त्या दुसऱ्या वाडीची तुर्सुनकान म्हातारी सोमवारी लोकरीचं पोतं घेऊन बसमध्ये बसणार म्हणत होती. तिला काय सांगणार आहेस?”

सायकालच्या कपाळावर आठी पडली. तुर्सुनकान म्हातारीची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती.

“सांगेन, बस भरली आहे.”

“तुझं कसं ऐकेल ती? जाताना मीच सांगतो.” त्यांनी लगाम ओढला. घोडा वळला, आणि त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. “तुझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं मला गोठ्यातून बोलवायला घरातून चालत यायचीस. उगाच पाय दमवलेस.”

ते डाव मांडायला दोस्ताच्या घराकडे गेले. सपारबेक स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता.

“हसू नकोस,” सायकाल म्हणाली. ती स्वतः हसत होती. मग ती पुन्हा बसमध्ये चढली आणि रोजच्यासारखी शेवटच्या ओळीपर्यंत गेली, कुणी झोपलेलं राहिलं नाही ना, ते पाहायला.