कातडीनं केलेली लबाडी

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. रंगानं तपकिरी, पुढच्या डाव्या पायानं लंगडा. शर्यतीच्या घोड्यांच्या गोष्टींत बहुधा चषक असतात, हारतुरे असतात. माझ्या गोष्टीत एक माणूस आहे, आणि त्याची आठवण आली की माझी मान आजही खाली जाते.

मी जन्मलो दक्षिण आफ्रिकेत. १९७७ साली मला जहाजातून मॉरिशसला आणलं. तिथं बो बासें गावात मुस्ये गास्तों नावाचे एक गोरे गृहस्थ शर्यतीचे घोडे तयार करत. त्यांच्या तबेल्यात गोवर्धन नावाचा एक मराठी माणूस कामाला होता; बोलता बोलता तो बेटावरची क्रिओल बोलीही मिसळायचा. खरारा करणारे, चारा घालणारे वेगळे होते. गोवर्धनचं काम एकच, आमचं अंग चोळायचं. त्याची आई गावात बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तेल लावायची, आणि तिच्याजवळ बसून तो ही विद्या शिकला होता. तो म्हणायचा, "बाळ काय नि घोडा काय, तोंड हाय पन सांगता येत नाय. कातडी सांगते."

त्याचा हात कसा होता म्हणून सांगू! तळव्याला खोबरेलाचं बोट लावून तो मानेपासून सुरुवात करी. जोर म्हणून नाहीच. "दुसमां, बाबू, दुसमां," असं पुटपुटत, अगदी हळू, तो खांद्यावरून पाठीवर आणि पाठीवरून पायांकडे येई. मध्येच थांबून विचारी, "कुठं दुकतंय? कोत पे फेरमाल?" जिथं ठणका असेल तिथं आम्हा घोड्यांची कातडी थरथरते. ते थरथरणं हेच त्याला दिलेलं उत्तर. शर्यतीच्या दिवशी सकाळी मुस्ये गास्तों त्यालाच विचारत, आणि तो "कोरेक" म्हणाला तरच घोडा पळायला जाई.

तबेल्यात बोबी नावाचा एक कुत्रा होता. मोटारीचा धक्का लागून त्याचं कंबरडं दुखावलं होतं. गोवर्धनचं बोट टेकायचा अवकाश, की हा असा गळा काढायचा की शेजारपाजारचे बाहेर यावेत! मला त्याचं हसू यायचं. पण गोवर्धन त्याच्या रडण्यावरून वाट काढत काढत नेमक्या जागी पोचला, आणि दोन महिन्यांत बोबी मांजरांमागे धावायला लागला.

एका हंगामात माझा खांदा भरून आला. गोवर्धनचा हात लागताच मी थरथरलो. त्यानं मुस्येंना सांगितलं आणि माझी शर्यत चुकली. त्या दिवशी शेजारच्या ठाणावरचा पांढरा घोडा शां द मार्स या शर्यतीच्या मैदानावर जिंकून गळ्यात हार घालून परतला. तो गवत खाता खाता माझ्याकडे बघे, आणि माझा जळफळाट होई. माणसाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, माझी तर खुरात होती. मी मनाशी ठरवलं, पुन्हा थरथरायचं नाही.

१९८० साली हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत आली. दोन दिवस आधी सराव करताना डाव्या पायात, गुडघ्याखाली मागच्या बाजूच्या शिरेत, काहीतरी चिमटल्यासारखं झालं. शर्यतीच्या सकाळी गोवर्धन आला. त्याचा हात त्या शिरेवर आला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दात आवळले आणि दगडासारखा उभा राहिलो.

तो थांबला. हात उचलला, पुन्हा ठेवला. "हात म्हनतो गरम लागतंय," तो हलकेच म्हणाला. "पन तू तर गप हाईस. सांग बाबू, दुकतंय?"

मी कान हलवला नाही. शेपटीसुद्धा नाही. गोवर्धननं आपल्या हातापेक्षा माझ्यावर अधिक विश्वास ठेवला. मुस्येंकडे वळून तो म्हणाला, "कोरेक."

शेवटच्या वळणावर माझी शीर तुटली. मी कोसळलो, आणि माझ्या पाठीवरच्या जॉकीचा हात मोडला. लोक ओरडत होते आणि मला फक्त धूळ दिसत होती.

संध्याकाळी तबेल्यात मुस्ये गास्तों लालबुंद झाले होते. "तू कोरेक म्हणालास!" ते ओरडले. माझ्या पायाला पट्ट्या बांधून मला तिथंच उभं केलं होतं. मला वाटलं, आता हा सांगेल की घोड्यानं फसवलं. सांगितलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण गोवर्धननं मान खाली घातली. "मो लामें फिन त्रोंपे, मुस्ये," तो म्हणाला, "माझा हात चुकला."

मित्रांनो, तो हात चुकला नव्हता. चुकलो होतो मी. आणि त्याच्या तोंडून ते ऐकत मी नुसता उभा होतो. त्याच दिवशी त्याला काढलं. ही बातमी बेटभर झाली, आणि दुसऱ्या कुठल्याच तबेल्यानं त्याला घोड्याला हात लावू दिला नाही.

मला गोळी घातली नाही, हे माझं नशीब. सांत्र द फ्लाकजवळच्या एका मळ्यावर, लहान मुलांना पाठीवर घेऊन हळूहळू चालायला मला पाठवलं. मुलं माझे लाड करत. लाड झाले की मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सहा वर्षं गेली. ऊसतोडीच्या दिवसांत एका दुपारी कुंपणाशी एक माणूस आला. कपडे जाळलेल्या उसाच्या काजळीनं माखलेले, कमरेला कोयता. "वळकलं काय रे?" तो म्हणाला. आवाज ऐकला आणि मी कान टवकारले. गोवर्धन!

तो कुंपणातून आत आला. त्यानं मानेवर हात ठेवला आणि तसाच हळूहळू खाली आला. या खेपेला मी ठरवलं होतं, काहीही लपवायचं नाही. त्या जुन्या दुखऱ्या जागी हात आला आणि माझी कातडी थरथर कापली. सहा वर्षांचं सगळं मी त्या थरथरीत सांगितलं.

त्याचा हात थांबलाच नाही, सरळ पुढे खुराकडे गेला. मी पाहिलं, तळव्यावर चामड्यासारखे जाड घट्टे पडले होते. ऊस तोडून तोडून त्या हाताचं ऐकणं गेलं होतं.

"बेस हाय," तो समाधानानं म्हणाला. "आता कायबी दुकत नाय तुला." माझं नाक थोपटून तो हसत हसत कामावर गेला.

मित्रांनो, आई कपाळावर हात ठेवून "कुठं दुखतं रे?" असं विचारते ना, तेव्हा "कुठंच नाही" म्हणू नका. मी म्हणालो होतो.