कापसाचा बोळा

राज्याचे दोन भाग झाले, त्या वर्षी तारामतीची संशोधन संस्थाही वाटणीत निघाली. मालमत्तेची मोजदाद होईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. म्हणून ती एक काचेची बाटली घेऊन जामबागला माझ्या घरी आली. माझ्या मित्राची ही मुलगी मला काका म्हणते.

बाटलीत गंजाच्या रंगाचं पाणी होतं आणि त्यात जिवंत जंतू. भंगारातल्या कॉम्प्युटरमधल्या सर्किटच्या पाट्यांचा चुरा घातला की ते त्यातलं तांबं सोडवतात. पाट्या जाळायला नकोत, विषारी धूर नको. तीन वर्षं तिनं ते जोपासले होते.

"त्यापरीस चिंच बरी," घरकाम करणारी गंगू म्हणाली. "घासलं की तांबं लख्ख!"

तारामती हसली. "काका, रोज दोनदा हलवा. तोंडाला हा कापसाचा बोळाच राहू द्या, त्यांना हवा लागते. आठ दिवसांत येते मी."

बाटली ठेवायला पुस्तकांच्या टेबलाशिवाय जागा नव्हती. दुसऱ्याच दिवशी हलवताना एक थेंब शब्दकोशावर उडाला आणि पिवळा डाग पडला. मी बोळा काढून रबरी बूच घट्ट दाबलं. हलवून झाल्यावर काढणार होतो. मग वाटलं, एवढ्याशा जंतूंना हवा ती किती लागणार?

तारामती परतली तेव्हा पाणी फिकट हिरवट झालं होतं.

"हे बूच कुणी लावलं?"

मी दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या गंगूकडे पाहिलं.

"गंगू, तू?"

गंगूनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "हौ ताई. सांडंल म्हणून लावलं असंल म्या."

"असंल काय? मेले गं सगळे!"

तारामती बाटली छातीशी धरून गेली. गंगू पुन्हा झाडायला लागली.

चार दिवसांनी मी तारामतीला फोन करून खरं सांगितलं.

"काका, हे गंगूसमोर सांगायला हवं होतंत."

"हो," मी म्हणालो.

त्याला दोन आठवडे झाले. गंगू रोज येते. दहा वर्षं न विचारता टेबल पुसायची, आता आधी विचारते, "मालक, हात लावू का?"

मी "हो" म्हणतो. पुढचं तोंडातून निघत नाही.